मुंबईच्या परिषदेला जाताना: उतरायचं कुठे, जायचं कसं

प्रश्न थोडक्यात असा. रत्नागिरी तालुक्यातले चौघे जण फळप्रक्रियेवरच्या परिषदेला मुंबईला निघालेत. तिघे आंबा बागायतदार आणि एक ताई, ज्या स्वतःचं छोटं कॅनिंग युनिट चालवतात. परिषद गोरेगाव पूर्वेला नेस्को प्रदर्शन केंद्रात, २८ ते ३० ऑगस्ट २०२६, शुक्रवार ते रविवार. आयोजकांनी सुचवलेली हॉटेलं महाग वाटतात. एकाचा भाऊ डोंबिवलीला राहतो, ताईंची नणंद नालासोपाऱ्याला. घरची गाडीही आहे. तर गाडीने जावं की रेल्वेने, आणि उतरावं कुठे? रत्नागिरीतून अशा मंडळींची मुंबईची व्यवस्था लावणं हेच माझं काम, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी नातेवाइकांचं बोलू. परिषदेच्या तीन रात्री त्यांच्याकडे उतरू नका. हे सांगणं सोपं नाही, मला कळतं. सख्खा भाऊ मुंबईत असताना माणूस लॉजवर उतरला, हे आपल्याकडे अजूनही मनाला लागतं. गिरणगावात गावागावाच्या खोल्या होत्या, तिथे वळकटी टाकून आपल्या दोन-तीन पिढ्यांनी दिवस काढले. पण तुम्ही ज्या कामासाठी चाललात ते काम डोंबिवलीत राहून निम्मंच होईल.

कारण सांगतो. परिषदेची छापील कार्यक्रमपत्रिका संध्याकाळी साडेपाचला संपते. तुमचा खरा फायदा त्याच्यानंतर सुरू होतो. पल्पर म्हणजे फळांचा गर काढणारं यंत्र विकणाऱ्याच्या स्टॉलवर दिवसभर दहा-दहा माणसं उभी असतात, तो प्रत्येकाच्या हातात माहितीपत्रक देतो आणि पुढच्याकडे वळतो. सहाच्या सुमारास गर्दी ओसरली की तोच माणूस स्टूल ओढून बसतो, चहा मागवतो आणि माहितीपत्रकात नसलेलं बोलायला लागतो: चाळणी किती दिवसांनी बदलावी लागते, सुटा भाग कोल्हापुरात मिळतो की अहमदाबादहूनच मागवावा लागतो, गेल्या हंगामात कुणाचं यंत्र कशामुळे बंद पडलं. खरेदीदारांचंही तसंच. ज्या मंडळींनी तिथे साडेसात-आठपर्यंत थांबायची सोय करून घेतली, त्यांच्या हाती ओळखी आणि ऑर्डरी लागलेल्या मी पाहिल्या आहेत. ज्यांना साडेचारपासून लोकलच्या गर्दीची धास्ती होती, ते पिशवीभर माहितीपत्रकं घेऊन परतले. डोंबिवली ते नेस्को म्हणजे दारापासून दारापर्यंत दीड-पावणेदोन तास धरा, तेही सकाळी डोंबिवलीला गाडीत चढता आलं तर. नालासोपाऱ्याहून लाइन एकच आहे, पण सकाळच्या विरार लोकलमध्ये चढणं आणि मधल्या स्टेशनला उतरणं हे रोजच्या सवयीच्या माणसालाही जड जातं. जलद गाडी गोरेगावला थांबेलच असंही नाही. ताईंनी या फंदात पडूच नये.

नातेवाइकांसाठी सोमवार मोकळा ठेवा. निवांत जेवायला जा, त्यांनाही रजा काढून तुमच्या वेळा सांभाळत बसावं लागणार नाही.

आता उतरायचं कुठे. मुंबईत जागा निवडताना किलोमीटर मोजू नका, गर्दी कुठल्या दिशेने वाहते ते बघा. पश्चिम रेल्वेवर सकाळी सगळी गर्दी चर्चगेटकडे जाते, संध्याकाळी विरारकडे. म्हणजे दादरला राहणारा माणूस सकाळी गोरेगावला जाताना गर्दीच्या उलट जातो, संध्याकाळी परततानाही उलटच. बोरिवलीहून गोरेगाव दादरपेक्षा बरंच जवळ आहे, पण तिथून लोकलने येणारा भर गर्दीत सापडतो. हा हिशेब बाहेरगावच्या माणसाला नकाशावर दिसत नाही.

तुमच्यासाठी पहिली पसंती मेट्रो ७ च्या आसपासची. ही मेट्रो दहिसर पूर्व ते गुंदवली अशी पश्चिम द्रुतगती महामार्गावरून जाते, आणि तिचं गोरेगाव पूर्व स्टेशन नेस्कोपासून चालत जाण्याजोगं आहे. गुंदवलीला ती वर्सोवा-अंधेरी-घाटकोपरच्या मेट्रो १ ला जोडलेली आहे. त्यामुळे गोरेगाव पूर्व, जोगेश्वरी पूर्व, अंधेरी पूर्वेला गुंदवली किंवा चकाला, यांपैकी कुठेही खोली मिळाली तरी लोकलचं तोंड न बघता तुम्ही परिषदेला पोचता. विमानतळ जवळ असल्याने अंधेरी पूर्वेला लहान-मोठी हॉटेलं भरपूर आहेत. आयोजकांच्या यादीबाहेरची, स्वच्छ आणि परवडणारी जागा तिथे शोधली तर सापडते. बोरिवलीला राहायचंच झालं तर मागाठाणे किंवा राष्ट्रीय उद्यान स्टेशनजवळ राहा आणि मेट्रोने या. रात्रीची शेवटची मेट्रो किती वाजता आहे ते मात्र पहिल्याच दिवशी स्टेशनवर बघून ठेवा.

दुसरी पसंती दादर. खोल्या लहान असतात, इमारती जुन्या असतात, पण आपल्या माणसाला दादर परकं वाटत नाही, जेवणाची आबाळ होत नाही आणि परतीची गाडी तिथूनच पकडता येते. वाशीला राहू नका. आंब्यामुळे तिथल्या एपीएमसीचा, म्हणजे घाऊक बाजाराचा, परिसर तुमच्या पायाखालचा आहे हे खरं, पण वाशीहून रोज गोरेगाव म्हणजे सगळी शक्ती प्रवासातच जाईल. हीच परिषद वाशीच्या सिडको प्रदर्शन केंद्रात असती तर मी उलट सांगितलं असतं: पनवेलला उतरा, वाशी स्टेशनजवळ राहा, मुंबईत शिरूच नका. आणि ज्यांची परिषद वांद्रे-कुर्ला संकुलात असेल त्यांच्यासाठी मेट्रो ३ ने सगळं बदललंय. ऑक्टोबर २०२५ पासून ती आरे ते कफ परेड पूर्ण धावते, संकुलात तिचं स्टेशन आहे, त्यामुळे दादरला, गिरगावात किंवा मरोळला राहूनही तिथे आरामात पोचता येतं.

गाडीचा विचार सोडा, असंच मी म्हणेन. रत्नागिरी-मुंबई साधारण साडेतीनशे किलोमीटर. कशेडीच्या बोगद्याने घाटाचा त्रास कमी केला हे खरं, पण ऑगस्टमधले खड्डे आणि माणगावची कोंडी यांचा अंदाज कुणीच देऊ शकत नाही. पोचल्यावर तीन दिवस गाडी उभी कुठे करणार हा प्रश्न वेगळाच. शिवाय आठ-नऊ तास गाडी चालवून आलेला माणूस दुसऱ्या दिवशी व्याख्यानात डुलक्या घेतो. एसटीचा पर्याय चांगला आहे, विशेषतः ताईंसाठी, कारण मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे. पण रस्ता तोच. म्हणून रेल्वे.

रेल्वेतही कुठली गाडी, हे तुम्ही परिषदेच्या आधी किती मोकळा वेळ ठेवता त्यावर अवलंबून आहे. बरेच जण गुरुवारी रात्रीच्या गाडीने निघून शुक्रवारी पहाटे उतरायचं आणि तसंच थेट नोंदणीच्या रांगेत उभं राहायचं असा बेत करतात. पावसाळ्यात हा बेत धोक्याचा आहे. जूनच्या मध्यापासून कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागू असतं, गाड्यांचा वेग कमी ठेवलेला असतो, आणि जोराचा पाऊस असेल तर चालकांना ताशी ४० किलोमीटरनेच चालवायची सूचना असते. जुलै २०२४ मध्ये खेडजवळ दिवाणखवटीच्या बोगद्यापाशी दरड आली तेव्हा जवळजवळ दिवसभर मार्ग बंद होता. परिषदेचा पहिला दिवस हातचा जाऊ द्यायचा नसेल तर मध्ये एक दिवस मोकळा हवाच.

म्हणून बुधवारी, २६ तारखेला रात्री कोकणकन्या एक्स्प्रेसने निघा. गुरुवारी पहाटे दादरला उतराल. हॉटेलच्या रात्री तीनच होतात, गुरुवार, शुक्रवार आणि शनिवार, म्हणजे गुरुवारी दिवसा मांडवीने येऊन रात्री पोचण्यापेक्षा एक पैसा जास्त लागत नाही. गुरुवारचा दिवस मात्र अख्खा मिळतो. झोप काढा, एपीएमसीत दलालाकडचा हंगामाचा हिशेब राहिला असेल तर तो उरका, आणि आयोजक आदल्या दिवशी नोंदणी करू देत असतील तर बिल्ला गळ्यात घालूनच झोपा. शुक्रवारी सकाळची रांग वाचते. वंदे भारतचा विचार करत असाल तर पावसाळ्यात ती रोज धावत नाही, त्यात रात्री बऱ्याच उशिरा पोचवते.

दादरला उतरल्यावर एक गोष्ट ध्यानात ठेवा. डिसेंबर २०२३ पासून तिथल्या फलाटांना सलग क्रमांक आहेत, १ ते ७ पश्चिम रेल्वेचे आणि ८ ते १४ मध्य रेल्वेचे. जुन्या आठवणीवर जाऊ नका. तुमची गाडी मध्य रेल्वेच्या बाजूला लागेल. पूल ओलांडून पश्चिमेच्या फलाटावर या आणि बोरिवलीच्या दिशेची धीमी लोकल घ्या. त्या वेळी बसायला जागा मिळते. नेस्कोच्या जवळचं स्टेशन खरं तर राम मंदिर, जोगेश्वरी आणि गोरेगावच्या मधलं, पण सामान असताना गोरेगावलाच उतरा, पूर्वेला रिक्षा सहज मिळते. मीटरनेच जा. फेब्रुवारी २०२५ पासून किमान भाडं २६ रुपये आहे. पनवेलला उतरून थेट गोरेगाव लोकल धरू असं कुणी सुचवेल, पण त्या गाड्या मोजक्याच आहेत. आणि तिकीट काढताना मोबाइलवर 'गोरेगाव रोड' दिसलं तर ते निवडू नका, ते आपल्याच वाटेवर माणगावच्या अलीकडचं, रायगडातलं स्टेशन आहे.

पहाटे साडेसहा-सातला हॉटेलवर पोचाल आणि तिथे सांगतील, खोली बाराला मिळेल. याची तजवीज घरूनच करा. फोन करून विचारा की सामान ठेवून घेतील का, लवकर खोली दिली तर जादा किती, आणि उत्तर व्हॉट्सॲपवर लेखी मागून घ्या. दादरच्या काही लॉजवर चोवीस तासांचा हिशेब असतो, म्हणजे सकाळी सातला घेतलेली खोली दुसऱ्या दिवशी सातपर्यंत. ते तुम्हाला सोयीचं वाटेल, पण रविवारी सकाळी सातला खोली सोडावी लागेल आणि सामान दिवसभर कुठे ठेवायचं हे आधी ठरवावं लागेल.

खोल्या किती घ्यायच्या? चौघांत एक हा विचार मनातून काढा. तिघांना तीन खाटांची एक आणि ताईंना स्वतंत्र. पैसे वाचवायला तिघांच्या खोलीत जादा गादी टाकून चौथा सामावता येतो, पण नऊला नोंदणी असताना चार माणसं आणि एक न्हाणीघर हे गणित जमत नाही. ताईंच्या खोलीबाबत नीट विचारा: कितव्या मजल्यावर, दाराला आतून कडी आहे का, रात्री काउंटरवर माणूस असतो का, लिफ्ट रात्री चालू असते का. गुडघ्यांचा त्रास असणारं कुणी असेल तर लिफ्ट आणि कमोड हे दोन प्रश्न आधी, दर नंतर. नाश्ता किती वाजता सुरू होतो तेही विचारा. आठला सुरू होणारा फुकट नाश्ता तुमच्या कामाचा नाही.

दर सांगताना जीएसटीसह सांगा म्हणावं. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे, पूर्वी १२ होता. कुणी जुन्या दराने बिल केलं तर तिथेच दाखवून द्या. बिल तुमच्या गटाच्या किंवा कंपनीच्या नावाने घ्या.

आणि ही गोष्ट फार कळकळीने सांगतो: गुगलवर सापडलेल्या हॉटेलच्या नंबरवर आगाऊ पैसे पाठवू नका. माझ्या ओळखीच्या एका गटाने असाच नंबर लावला, पलीकडचा माणूस अगदी गोड बोलला, खोल्यांचे फोटो पाठवले, अर्धी रक्कम यूपीआयने मागितली. ते मुंबईत पोचले तेव्हा हॉटेल खरं होतं, त्यांच्या नावाचं आरक्षण मात्र कुठेच नव्हतं. परिषदा जवळ आल्या की आयोजकांच्या प्रवास विभागातून बोलतोय असं सांगणारे फोन आणि ईमेलही येतात. आयोजकांच्या नोंदणीपत्रावर छापलेल्या नंबरवर स्वतः फोन करून खात्री करा. यूपीआयमध्ये नाव व्यक्तीचं दिसतंय की हॉटेलचं ते बघा. शक्य असेल तर मुंबईतल्या त्याच भावाला एकदा हॉटेलवर चक्कर मारायला सांगा. न्हाणीघर आणि गादी बघून येईल, तुमचंही काम होईल आणि त्यालाही बरं वाटेल. आयोजकांची हॉटेलं यादीतून पुरती खोडू नका. सभासदांचा सवलतीचा दर ठरावीक तारखेपर्यंतच असतो, तोवर फोन करून बघा, कधीकधी दोघांच्या खोलीचा दर बाहेरच्यापेक्षा फारसा वेगळा नसतो.

पावसाचं तुम्हाला काय सांगावं, पण या तारखांना एक विशेष आहे. २८ ऑगस्टला नारळी पौर्णिमा आहे. म्हणजे उधाणाची भरती, आणि पौर्णिमेनंतरचे एक-दोन दिवस ती आणखी चढते. वेळ भर दुपारची, पहिल्या दिवशी बारा-साडेबाराच्या आसपास आणि मग रोज थोडी पुढे. भरतीच्या वेळी मोठा पाऊस आला की मुंबईतलं पाणी समुद्रात जाऊ शकत नाही आणि तुंबतं. अंधेरीचा सबवे बंद होतो, कुर्ला-शीव दरम्यान रुळांवर पाणी येतं. तुमच्या सुदैवाने त्या वेळी तुम्ही सभागृहात असाल. जेवणाच्या सुट्टीत जरा अंधेरीला जाऊन येऊ असं मात्र करू नका. संध्याकाळपर्यंत ओहोटी लागते, पाणी उतरतं, मेट्रो तर वरूनच जाते. सभागृहातला एसी कडक असतो आणि ओल्या कपड्यांनी तीन तास बसलात तर दुसऱ्या दिवशी ताप ठरलेला. पिशवीत एक कोरडा सदरा, पंचा आणि मोजे ठेवा. बूट एकच जोड नेऊ नका.

त्याच शुक्रवारी राखीपौर्णिमाही आहे, जोडून शनिवार-रविवार. एसट्या आणि गाड्या दोन्हींना गर्दी असणार. त्यात गणपती १४ सप्टेंबरला, म्हणजे मुंबईहून कोकणाकडे येणाऱ्या गाड्यांवर ऑगस्टअखेरीपासूनच ताण सुरू होतो. जायचं तिकीट मिळेल हो, अडचण परतीचीच येते. आधी परतीचं धरा.

परतीला रविवारी रात्री कोकणकन्या किंवा तुतारी. परिषद संपून सामान घेऊन दादरला यायला पुरेसा वेळ आहे. रविवारी दिवसा मेगाब्लॉक असतो, पश्चिम रेल्वेवरही कधीकधी, त्याच्या वेळा शनिवारच्या पेपरात बघा. सोमवारी नातेवाइकांकडे जाणार असाल तर रविवारी रात्री त्यांच्याकडेच मुक्काम करा आणि सोमवारी रात्रीची गाडी धरा. डोंबिवलीवाल्यांनी ठाण्याला चढावं, दादरला यायचं कारण नाही. ठाण्याहून चढणार हे तिकीट काढतानाच नोंदवा.

तुतारीबाबत तारखेचा घोळ हमखास होतो. ती दादरहून मध्यरात्रीनंतर, १२ वाजून ५ मिनिटांनी सुटते. रविवारी रात्री निघायचं असेल तर तिकिटावर सोमवारची, ३१ ऑगस्टची तारीख हवी. ३० तारखेचं तिकीट काढलेला माणूस रविवारी रात्री फलाटावर येतो तेव्हा त्याची गाडी चोवीस तासांपूर्वीच गेलेली असते.

आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं १२० नाही, सकाळी ८ वाजता. २६ ऑगस्टच्या कोकणकन्येचं २७ जूनला, ३० ऑगस्टच्या परतीच्या कोकणकन्येचं १ जुलैला, ३१ च्या तुतारीचं २ जुलैला. वेटिंगवर भरवसा ठेवू नका. ऑनलाइन काढलेलं वेटिंगचं तिकीट चार्ट लागल्यावर आपोआप रद्द होतं, आणि मे २०२५ पासून खिडकीवरचं वेटिंगचं तिकीट असलं तरी स्लीपर किंवा एसीच्या डब्यात बसू देत नाहीत. तत्काळची वेळ आलीच तर आदल्या दिवशी एसीसाठी १० वाजता आणि स्लीपरसाठी ११ वाजता, पण जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळला खात्याशी आधार जोडलेलं लागतं. ते काम आजच करून ठेवा, चौघांपैकी निदान दोघांच्या खात्यांवर.